पिन कोड: वेलणकरांनी बनवलेली की

घाटकोपरच्या आमच्या घरी आजोबांची जुनी पत्रं आहेत. त्यांवर पत्त्याच्या शेवटी नुसतं 'बॉम्बे-77' असतं. मुलुंड 80, अंधेरी 69. शहरापुरते हे आकडे पुरायचे.

देशभर मात्र गोंधळ होता. एकाच नावाची अनेक गावं, वेगवेगळ्या लिप्या, अक्षर लावता लावता सॉर्टर हैराण. केंद्रीय दळणवळण खात्यात तेव्हा श्रीराम भिकाजी वेलणकर होते. संस्कृत कवी माणूस! त्यांनी सहा आकड्यांची योजना केली, ती 15 ऑगस्ट 1972 ला सुरू झाली. पहिला आकडा विभागाचा, पहिले तीन मिळून सॉर्टिंग जिल्ह्याचे, शेवटचे तीन पोस्ट ऑफिसचे. मुंबईत जुनेच नंबर मागे चिकटवले: 77 चं झालं 400077.

आपल्या भाषेत ही 'अर्थ असलेली की'. तिथेच मी फसलो.

एका जुन्या नोकरीत अर्जदाराचा जिल्हा भरायचा होता. मी लिहिलं: पिन 400 ने सुरू होत असेल तर मुंबई. मुलुंड चेकनाका ओलांडला की वागळे इस्टेट, पिन 400604, जिल्हा ठाणे. वाशी 400703, तेही ठाणेच. त्या लोकांचे अर्ज चुकीच्या रांगेत गेले, काहींना 'आपण कक्षेबाहेर आहात' असा मेसेजही गेला. मदतीचे अर्ज होते हो ते.

400 चा अर्थ टपालाचा होता, महसुलाचा नव्हे. मुळात मुंबई उपनगर जिल्हाच झाला 1990 ला, पिननंतर अठरा वर्षांनी. 2014 मध्ये पालघर वेगळा झाला, वसईचा 401201 जागचा हलला नाही. गोवा राज्य झालं तरी 403 च. आणि बॉम्बेचं मुंबई झालं तेव्हा पोस्टाला एकही पिन बदलावा लागला नाही. हे मात्र झकास.

दुसरी चूक: पिनलाच प्रायमरी की केलं. देशात पोस्ट ऑफिसं दीड लाखाच्या वर आणि पिन वीस हजारांच्या आत. म्हणजे एका पिनवर अनेक नावं येणारच. माझ्या टेबलात प्रत्येक पिनचं शेवटचं नाव उरलं, बाकीची गुपचूप पुसली गेली. एररसुद्धा नाही, कारण इम्पोर्टमध्ये 'असेल तर बदल' असं मीच लिहिलं होतं.

मग जिल्हा, पिन, पोस्ट ऑफिस अशी तीन टेबलं केली. तिन्हींना बिनअर्थाचा चढता आयडी. पिन हा युनिक कॉलम, बस. जिल्हा पोस्ट ऑफिसला जोडला, पिनला नाही, कारण एक पिन दोन जिल्ह्यांत पसरू शकतो. चेकनाक्यापलीकडचे अर्ज हाताने परत लावायला दोन रात्री गेल्या.