मोडशी, पटकी आणि ग्वारीघाटचं पाणी

नैनपूरमार्गे जबलपूरला जाणारी छोटी गाडी २०१५ साली बंद झाली. तोवर विदर्भातल्या यात्रेकरूंना ती थेट नर्मदाकाठच्या ग्वारीघाट स्टेशनवर उतरवत असे. नर्मदेत बुडी मारायची, तांब्या भरून घ्यायचा. परिक्रमावासी तर महिनोन्‌महिने नदीच्याच पाण्यावर काढतात.

अशा पाण्यातून येणाऱ्या कॉलऱ्याला मराठीत पटकी म्हणत. त्याहून जुना शब्द मोडशी. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता याने १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या ग्रंथात हा रोग वर्णिला. मोडशीचं पोर्तुगिजांनी ‘मोर्देशिम’ केलं आणि फ्रेंचांनी ‘मोर द शियाँ’, म्हणजे कुत्र्याचं मरण! अपभ्रंश खरा, पण रोग्याची दशा पाहिलेल्याला तो चुकीचा वाटला नसावा.

१८१७ च्या नोव्हेंबरात पटकी बुंदेलखंडात, पेंढाऱ्यांवर निघालेल्या गव्हर्नर-जनरल हेस्टिंग्जच्या छावणीत शिरली. त्याच हिवाळ्यात जबलपूर नागपूरकर भोसल्यांच्या हातून इंग्रजांकडे गेलं.

रोगाला नाव होतं, रूप नव्हतं. इटलीच्या पाचिनीने १८५४ मध्ये ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. कॉखने १८८४ मध्ये कलकत्त्याच्या तळ्यातही तोच जंतू गाठला. स्वल्पविरामासारखी वाकलेली एकच पेशी, तिच्यात केंद्रक नाही, बाहेर दुहेरी आवरण आणि एका टोकाला शेपटी. जठरातल्या आम्लात बहुतेक जंतू मरतात. उरलेले शेपटीच्या जोरावर लहान आतड्याच्या चिकट थरातून पोहत जातात, केसांसारख्या तंतूंनी तिथे ठाण मांडतात. पेशींच्या आत मात्र ते घुसत नाहीत. बाहेर राहून विष सोडतात. त्या विषाने आतड्याच्या पेशी क्षार ओकू लागतात आणि क्षारामागून पाणी धावतं. माणूस काही तासांत कोरडा पडतो. हे विष असतं, हे कलकत्त्याच्या शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये सिद्ध केलं.

इंग्रज जंतुशास्त्रज्ञ हँकिनने १८९६ मध्ये गंगा-यमुनेच्या न उकळलेल्या पाण्यात हे जंतू मरताना पाहिले. पण तो दाखला नर्मदेच्या तांब्याला लावून चालणार नाही, आणि गंगेच्या काठीही पटकीच्या साथी येतच राहिल्या.

पाणी फडक्यातून गाळण्याची गोष्ट वेगळी. पाण्यातले हे जंतू बऱ्याचदा बारीक जलजीवांना चिकटून राहतात. बांगलादेशातल्या बायकांनी जुनी सुती साडी घडी घालून, निदान चौपदरी करून पाणी गाळलं, तेव्हा पटकीचे रुग्ण जवळपास निम्म्याने घटले. रीटा कोलवेल यांच्या चमूने २००३ मध्ये हे प्रसिद्ध केलं. साडी जुनीच हवी. वापरून वापरून तिचे धागे फुगतात आणि विणीतली भोकं बारीक होतात.