नेटवर्कवरून येणाऱ्या कर्नलची कुळकथा

थिन क्लायंट म्हणजे स्वतःच्या हार्डडिस्कवर विसंबून न राहता, सुरू होताच आपला कर्नल नेटवर्कवरून सर्व्हरकडून मागवून घेणारा संगणक. आणि कर्नल म्हणजे प्रोसेसर, स्मृती व उपकरणे यांचे वाटप करणारा कार्यप्रणालीचा गाभा. अशा यंत्राच्या रचनेत दोन तत्त्वे एकत्र आलेली दिसतात. यंत्रात कायमचा कोरलेला भाग लहान व बिनचूक असावा, हे पहिले. आणि त्यापुढचा प्रत्येक थर खालचा थर पक्का झाल्यावरच उभा राहावा, हे दुसरे. या दोन्ही तत्त्वांची आरंभीची आणि अत्यंत काटेकोर उदाहरणे एड्सगर डाइक्स्ट्रा (१९३०–२००२) यांच्या कामात सापडतात, ज्यांच्या आयुष्याचा मोठा काळ आइंडहोव्हनजवळच्या न्यूनेन या गावी गेला.

इलेक्ट्रोलॉगिका या डच कंपनीच्या एक्स-१ संगणकासाठी डाइक्स्ट्रा यांनी १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात उपकरणांशी संवाद साधणारे मूलभूत प्रोग्रॅम लिहिले आणि त्याच विषयावर १९५९ मध्ये ॲम्स्टरडॅम विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. हे प्रोग्रॅम ‘मृत स्मृती’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, केवळ वाचता येणाऱ्या भागात बसवलेले असत. एक्स-१ मध्ये इंटरप्टची, म्हणजे उपकरणाने चालू काम मध्येच थांबवून लक्ष वेधण्याची सोय होती. इंटरप्ट कोणत्या क्षणी येईल हे आधी सांगता येत नसल्याने एकदा दिसलेली चूक पुन्हा तशीच घडवून पाहणे जवळजवळ अशक्य होते, आणि म्हणून असा प्रोग्रॅम चाचणीच्या भरवशावर न सोडता मुळातच निर्दोष रचणे भाग होते. आजच्या नेटवर्क कार्डावरील बूट रॉमचे हे थेट पूर्वज नसले, तरी त्याच्या मागची शिस्त येथे स्पष्ट दिसते.

१९६२ मध्ये डाइक्स्ट्रा आइंडहोव्हनच्या तंत्रविद्यापीठात गणिताचे प्राध्यापक झाले आणि तेथे एका लहान गटासह त्यांनी एक्स-८ या संगणकासाठी ‘टीएचई’ ही कार्यप्रणाली उभी केली, जिचे वर्णन १९६८ मध्ये प्रसिद्ध झाले. २७ बिटांचे ३२ हजार शब्द मावतील एवढी मुख्य स्मृती आणि ५१२ हजार शब्दांचा चुंबकीय ड्रम असलेल्या या यंत्रावरील प्रणाली थरांची होती: शून्याव्या थरावर प्रोसेसरचे वाटप, पहिल्यावर स्मृती व ड्रम यांचे व्यवस्थापन, दुसऱ्यावर ऑपरेटरशी संवाद, तिसऱ्यावर उपकरणांकडील आवक-जावक आणि चौथ्यावर वापरकर्त्यांचे प्रोग्रॅम. शून्यावा थर पूर्ण तपासून झाल्याखेरीज त्यावर पुढच्या थराचा कोणताही भाग चढवला गेला नाही. या क्रमामुळे चाचणीत साधारण ५०० आज्ञांमागे एक, अशा किरकोळ चुकाच आढळल्या आणि त्यांतील प्रत्येक चूक दहा मिनिटांच्या आत सापडली, असे डाइक्स्ट्रा यांनी नोंदवले आहे. १९७३ ते १९८४ या काळात बरोज कंपनीचे संशोधक म्हणून ते मुख्यतः न्यूनेनच्या घरातील अभ्यासिकेतून काम करीत. नंतर टेक्सास विद्यापीठात गेले आणि अखेरीस न्यूनेनला परतून ६ ऑगस्ट २००२ रोजी तेथेच निधन पावले.

कर्नल नेटवर्कवरून आणण्याची साधने मात्र अमेरिकेत घडली. १९८१ मध्ये कॅरन सॉलिन्स यांनी टीएफटीपी या अत्यंत साध्या फाइलवहन पद्धतीचे मानक लिहिले, जी लहानशा रॉममध्येही मावेल. १९८५ मध्ये बिल क्रॉफ्ट आणि जॉन गिलमोर यांनी बूटपी मांडली, जिच्यामुळे नुकत्याच सुरू झालेल्या यंत्राला स्वतःचा आयपी पत्ता, सर्व्हरचा पत्ता आणि आणायच्या फाइलचे नाव कळू लागले. १९९३ मध्ये तिच्यावर आधारलेली डीएचसीपी आली आणि १९९९ पर्यंत इंटेलने पीएक्सई या मानकाद्वारे ही सारी साखळी नेटवर्क कार्डात आणली. त्याच वर्षी जिम मॅक्विलन यांनी सुरू केलेल्या एलटीएसपी प्रकल्पाने जुन्या संगणकांना लिनक्सचे थिन क्लायंट बनवण्याची वाट अनेक शाळांना खुली करून दिली.

या साखळीतील बिघाड शोधताना थरांचा क्रमच उपयोगी पडतो. पत्ताच मिळत नसेल तर कर्नल बदलून काही साधत नाही; दोष केबल, स्विच किंवा डीएचसीपी सर्व्हरकडे असतो. पत्ता मिळूनही पडद्यावर ‘पीएक्सई-ई५३’ दिसले, तर बूट फाइलचे नाव पोहोचलेले नाही, असा त्याचा अर्थ होतो. फाइल मध्येच अडकली तर टीएफटीपीची जुनी मर्यादा तपासावी लागते: मूळ पद्धतीत फाइल ५१२ बाइटांच्या तुकड्यांत जाते आणि तुकड्यांचा क्रमांक १६ बिटांचा असल्याने, मोठ्या तुकड्यांची किंवा क्रमांक पुन्हा शून्यापासून मोजण्याची सोय दोन्ही बाजूंना नसेल, तर सुमारे ३२ एमबीपुढे वहन थांबते. कर्नल सुरू होऊन मूळ फाइलप्रणाली जोडताना कोसळला, तर आरंभिक रॅमडिस्कमध्ये, म्हणजे कर्नलसोबत येणाऱ्या तात्पुरत्या फाइलसंचात, नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर आहे का आणि तो त्याच आवृत्तीचा आहे का, हे पाहावे लागते. क्लायंटची प्रतिमा, म्हणजे त्याला सर्व्हरकडून मिळणारा मूळ फाइलसंच, अद्ययावत करून टीएफटीपीच्या फोल्डरमध्ये जुनाच कर्नल राहू देणे, हे अशा विसंगतीचे नेहमीचे कारण असते.

नवा कर्नल बसवतानाही हाच क्रम राखता येतो. पीएक्सईलिनक्स हा बूट लोडर आपली मांडणी-फाइल यंत्राच्या मॅक पत्त्याच्या, म्हणजे त्याच्या नेटवर्क कार्डाच्या ओळखक्रमांकाच्या, नावाने शोधतो, ती नसल्यास आयपी पत्त्याच्या नावाने आणि शेवटी ‘डिफॉल्ट’ या नावाने. त्यामुळे एकाच यंत्राच्या नावाची फाइल तयार करून नवा कर्नल फक्त तेथे चालवून पाहता येतो आणि बाकी यंत्रे जुन्यावर निर्धास्त चालू राहतात. मात्र फाइलच्या नावाआधी ‘०१-’ असावे लागते, पत्त्यातील अक्षरे लहान लिपीत आणि मध्ये संयोगचिन्हे असावी लागतात. एवढे चुकले तरी यंत्र कोणतीही तक्रार न करता ‘डिफॉल्ट’कडे जाते आणि चाचणी झाल्याचा खोटा समज होतो. म्हणून सर्व्हरच्या नोंदवहीत यंत्राने कोणती फाइल मागितली, हे पाहणे आवश्यक ठरते. कर्नल आणि रॅमडिस्क आवृत्तीच्या नावाने शेजारी-शेजारी ठेवल्यास मागे फिरण्यासाठी मांडणी-फाइलमधील मोजक्या ओळी बदलणे पुरते.

एका सर्व्हरवरील एक कर्नल शाळेची अख्खी संगणकशाळा चालवतो, तशीच त्यातील एक चूक ती अख्खी बंदही पाडते. म्हणून प्रत्येक थर पक्का करून मगच पुढच्या थराकडे जाण्याची आइंडहोव्हनच्या गटाची रीत आजही थिन क्लायंट सांभाळणाऱ्या प्रत्येकाने पाळली पाहिजे.