पनवेलची चाके आणि शर्यतीचे बैल

पनवेल परिसरातील बैलगाडा शर्यत ही वरवर पाहता जत्रेतील करमणूक असली, तरी या गावाची एकोणिसाव्या शतकातील भरभराट बैलांच्या खांद्यावर उभी होती हे ध्यानात घेतल्याशिवाय तिचे महत्त्व कळत नाही. १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला. तोवर घाटावरील माल मुख्यतः लमाणांच्या तांड्यांतील बैलांच्या पाठीवरून ये-जा करी. गाड्या घाट चढू-उतरू लागल्या, तसा मुंबईहून गलबतांनी पनवेल बंदरात उतरलेला माल येथूनच बैलगाड्यांत भरून पुण्याकडे जाऊ लागला. या वर्दळीतून गावात चाके घडवण्याचा धंदा वाढला. पनवेलचा मुख्य उद्योग म्हणून गाडीच्या चाकांची नोंद ब्रिटिशकालीन गॅझेटियरमध्ये आहे, आणि घाटावर परतणारे गाडीवान येथून चाकांची जोडी विकत घेत, असेही त्यात म्हटले आहे.

या चाकात सुताराचे आणि लोहाराचे कसब एकत्र येई. मधला तुंबा, त्यात ठोकलेले आरे आणि भोवतीचे लाकडी कडे सुतार जुळवी. त्यावर बसवायचा लोखंडी पट्टा, म्हणजे धाव, लोहार मुद्दाम किंचित तोकडी ठेवी, विस्तवात लाल होईपर्यंत तापवून फुगवी, चाकावर चढवी आणि लगेच पाणी ओती, म्हणजे आकसलेले लोखंड सगळे लाकूड आवळून धरी. १८६३ मध्ये बोरघाटातील लोहमार्ग पूर्ण झाला व रेल्वे कर्जतमार्गे पुण्याला गेली, तेव्हा पनवेल बाजूला पडले आणि लांब पल्ल्याची मालवाहतूक गाडीवानांच्या हातून निसटली. तरीही भातशेतीत आणि गावोगावच्या वाटांवर बैलाचे काम उरलेच.

महाराष्ट्रात या शर्यतीची रूपे प्रदेशागणिक बदलतात. विदर्भात तिला शंकरपट म्हणतात. पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागात गाडे चढावाच्या धावपट्टीवर, म्हणजे घाटात, धावतात. अलिबाग-मुरूडकडे समुद्राची पुळण हेच मैदान होते. पनवेल-कल्याण पट्ट्यात बिनजोड शर्यत विशेष प्रिय आहे, जीत दोन गाड्या आपसांत ठरवून समोरासमोर उतरतात. बैलाची पारख त्याच्या दातांवरून होते: दुधाचे दात न पडलेल्या कोवळ्या बैलाला आदत म्हणतात, तर दोन कायमचे दात आलेला तो दुसा. मैदानात बैलाचे नाव मालकाच्या आणि गावाच्या नावासह पुकारले जाते, त्यामुळे जिंकल्याचा मान साऱ्या गावाला मिळतो.

इटलीतील सिएना शहरात दर वर्षी २ जुलै आणि १६ ऑगस्ट या दिवशी होणाऱ्या पालिओ या घोडदौडीतही हाच भाव आढळतो. तेथील १७ मोहल्ल्यांपैकी १० मोहल्ल्यांचे घोडे नगरचौकाला तीन फेऱ्या घालतात, आणि स्वार वाटेत पडला तरी एकटा पुढे आलेला घोडा विजयी ठरतो. घोडा चिठ्ठ्या टाकून मिळत असल्याने तेथे मोहल्ल्याचा अभिमान असतो, घोड्याच्या मालकीचा नव्हे. पनवेलमध्ये मात्र तो घरी वाढवलेल्या, जपलेल्या जनावराशी जोडलेला आहे. सिएनाने मोहल्ल्यांच्या सीमा १७२९ मध्ये फर्मानाने निश्चित केल्या. पनवेलच्या शर्यतीचे नियम दीर्घकाळ केवळ मैदानातील माणसांच्या तोंडी राहिले.

लिखित नियम आले ते न्यायालयीन वादातून. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा शर्यतींवर बंदी घातली. २०१७ मध्ये राज्याने कायद्यात दुरुस्ती केली, १६ डिसेंबर २०२१ रोजी अटींसह परवानगी मिळाली, आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरवली. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि बैलांची वैद्यकीय तपासणी आता आवश्यक असून त्यांना मारहाण करण्यास मनाई आहे. ही बंधने परंपरेला बाधक नसून तिला अधिक प्रतिष्ठा देणारी आहेत, कारण ज्या जनावराच्या नावावर गाव मान मिळवते त्याला वेदना देऊन मिळवलेला विजय त्या मानालाच खोटे ठरवतो.

१९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल आणि उरण या तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आणल्या, आणि शेतीबरोबर नांगराच्या बैलाचे कामही सरले. तरीही या भागातील कुटुंबे शर्यतीचे बैल सांभाळतात, कारण जमीन गेल्यावरही आपण शेतकरी आहोत हे चारचौघांत सिद्ध करण्याचे साधन त्यांच्या हाती उरले आहे. म्हणूनच पनवेलच्या इतिहासात बंदर, घाटरस्ता आणि चाके यांची नोंद होते, तेथे शर्यतीच्या बैलालाही जागा मिळाली पाहिजे.