बोरघाटाचा मक्ता व थकलेली मजुरी

बोरघाटांतील लोहमार्गाचें वर्णन करणारे लेखक २५ बोगदे, १,८३१ फुटांचा चढ आणि ३७ फुटांस एक फूट अशी तीव्र चढण यांचा उल्लेख अगत्यानें करितात. परंतु त्या कामाचा पैसा कोणत्या वाटेनें घाटांत पोंचत होता, हा विचार क्वचितच आढळतो. जानेवारी १८५९ मध्यें तेथील मजुरांनीं दंगा करून युरोपियन कामगारांवर हल्ला केला. सत्तावन सालचें बंड नुकतेंच शमत असल्यामुळें ह्या दंग्याकडेहि त्याच दृष्टीनें पाहण्याचा मोह होतो. आमच्या मतें तो दंगा राजकीय नव्हता. तो थकलेल्या मजुरीचा होता.

ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनीस १८४९ च्या करारान्वयें भांडवलावर शेंकडा पांच व्याजाची हमी मिळाली होती. भागीदार त्यामुळें निर्धास्त होते. मक्तेदारास मात्र अशी छत्री नव्हती. घाटाचा पहिला मक्तेदार फॅव्हिएल हा नवखा नव्हे. १६ एप्रिल १८५३ रोजीं सुरू झालेला मुंबई-ठाणें मार्ग त्याच्याच मक्त्यांतला. पण सपाटीवरील मातीकाम वेगळें आणि सह्याद्रीचा काळा पाषाण हातानें सुरुंगाचीं भोकें पाडून फोडणें वेगळें. बोगदा हातांत घेतला म्हणजे पैसा महिनेच्या महिने खडकांत अडकून पडतो. पावसाळ्यांत काम जवळजवळ बंद. पण व्याज बंद होत नाहीं. दुरून आणावयाच्या मजुरांस घर सोडण्यापूर्वींच उचल द्यावी लागते, पटकीची सांथ आली कीं ते पळतात आणि दिलेली उचल त्यांच्याबरोबर जाते. उलट मक्तेदाराच्या पदरांत पैसा पडावयाचा तो झालेल्या कामाचें माप इंजिनियरानें घेतल्यानंतर. सारांश, खतावणींत नफा दिसत असतांहि पेटी रिकामी असूं शकते. हें व्यापारी लोकांस सांगावयास नको. आम्हां शाळामास्तरांस तें उशिरां उमजतें.

ही तूट शेवटीं कोणी सोसावयाची? मक्तेदाराच्या खालीं पोटमक्तेदार, त्याच्या खालीं मुकादम आणि सर्वांच्या तळाशीं मजूर. वरून पैसा उशिरां आला कीं प्रत्येक जण आपली कसर खालच्यावर ढकलतो. मजुरास ढकलावयास खालीं कोणीच नसतें.

दंग्यानंतर थोड्याच महिन्यांत फॅव्हिएलनें मक्ता सोडला आणि मध्यंतरीं कंपनीनें स्वतः काम चालविलें. मग सालोमन ट्रेडवेल हा नवा मक्तेदार १८५९ मध्येंच आला आणि आल्यावर अल्पावधींतच वारला. त्याची पत्नी अॅलिस हिनें मक्ता सोडला नाहीं. अॅडॅमसन व क्लाउझर या दोघां जाणत्या व्यवस्थापकांच्या हातीं काम देऊन १८६३ मध्यें तें पुरें करविलें. १८६१ मध्यें घाटांत ४२,००० वर माणसें राबत होतीं. एवढ्यांचा पगार वेळेवर वांटणें हें बोगद्याइतकेंच अवघड काम होय. पण बाईचें नांव आमच्या इकडील इतिहासांत कोणी घेत नाहीं.

सरकारनें १८६० चा नववा कायदा करून सार्वजनिक कामांवरील मजुरीच्या तंट्यांचा त्वरित निकाल लावण्याचा अधिकार मॅजिस्ट्रेटांस दिला. त्याच कायद्यानें काम टाकून जाणाऱ्या मजुरास शिक्षाहि ठेविली. धर्मशास्त्राच्या अभ्यासकास हें नवें वाटणार नाहीं. मनु व नारद यांच्या अठरा व्यवहारपदांत वेतन न देण्याचें पद स्वतंत्र आहे. वेतन कामाच्या आरंभीं, मध्यें किंवा शेवटीं, जसें ठरलें असेल तसें द्यावें, असें नारद सांगतो. त्या पदांतहि दोष दोहों पक्षांचे धरले आहेत. फरक इतकाच कीं, नारदासमोर धनी आणि भृत्य असे दोघेच उभे आहेत. घाटांत त्यांच्यामध्यें पोटमक्तेदार व मुकादम यांची सबंध उतरंड होती.

मुख्य अभियंता बर्कले याचें लिखाण व सरकारी अहवाल हे वरच्या टोंकाचे कागद झाले. खालच्या टोंकाचे, म्हणजे हजेरीपट, उचलीच्या चिठ्या, मुकादमांच्या रोजकीर्दी, आमच्या संग्राहकांस क्षुद्र वाटतात. एका गृहस्थांनीं आपल्या घराण्याची सनद आम्हांस मोठ्या अभिमानानें दाखविली व बरोबरच्या हिशेबी वह्या रद्दीवाल्यास दिल्याचें सहज सांगितलें. खंडाळें, खोपोली, कर्जत या बाजूस कोणाच्या दप्तरांत १८५६ ते १८६३ या काळचे असे मोडी कागद असल्यास त्यांनीं ते, फाटके असले तरी, न टाकतां कृपा करून कळवावें. नक्कल करून मूळ कागद परत करण्याची जबाबदारी आम्ही घेतों.