भेटकार्डाचे नाशिकरोड घराणे

भेटकार्डाचा जन्म अमेरिकेत झाला, असे सांगण्याची पद्धत आहे, आणि प्लास्टिकच्या कार्डापुरते ते खरेही आहे. कागदी भेटपत्रांच्या नकला निघू लागल्या तेव्हा ‘ब्लॉकबस्टर’ या व्हिडिओ कॅसेटच्या दुकानसाखळीने १९९० च्या दशकाच्या मध्यावर चुंबकीय पट्टीचे कार्ड आणले. पण दिवाळीला किंवा लग्नाला मोबाइलवर जे येते, म्हणजे एक रंगीत चित्र, शुभेच्छेची ओळ आणि खाली एक क्रमांक, ते त्या प्लास्टिकचे अपत्य म्हणता येत नाही. आपल्याकडे त्याचे वाडवडील वेगळे आहेत, ते सरकारी आहेत आणि त्यांतले बरेचसे नाशिकरोडच्या प्रेसमध्ये छापले गेले. प्लास्टिक हा या कुळातला मधला, अल्पायुषी पाहुणा. कार्ड कागदाचे की पडद्यावरचे, हा प्रश्न म्हणूनच मला दुय्यम वाटतो. दिलेल्या रकमेची हमी कोण घेतो आणि ती कुठे चालते, हे या कुळात कसे बदलत गेले, तो खरा इतिहास आहे.

१९२५ साली नाशिकरोडला इंडिया सिक्युरिटी प्रेस उभी राहिली. त्याआधी हिंदुस्थानची टपाल तिकिटे लंडनच्या द ला रू कंपनीत छापून जहाजाने येत. १९२८ पासून इथेच नोटाही छापल्या जाऊ लागल्या. तिकिटे, स्टॅम्पपेपर, पोस्टल ऑर्डरी, बचतपत्रे असा सगळा ‘किमतीचा कागद’ या आवारातून देशभर गेला. गावाकडच्या बहिणीला भाऊबीजेची ओवाळणी पाठवायची तर हाताशी मनिऑर्डर होती. ती १८८० पासूनची. तिच्या कूपनावर चार शब्द लिहायला जागा असे, आणि पोस्टमन दारात रोख पैसे मोजून देई. लांबून पाठवलेली रक्कम आणि सोबत मायेची ओळ, एवढे डिजिटल भेटकार्डाचे सारे अंग तिच्यात आधीच होते. फरक इतकाच की बहिणीच्या हातात पडत ते रोख पैसे, आणि ते कुठे खर्चायचे हे तिला कोणी सांगत नसे. २०१५ मध्ये डाक खात्याने जुनी कागदी मनिऑर्डर बंद केली.

दुसरा पूर्वज अधिक बोलका आहे. १९८६ साली सरकारने इंदिरा विकास पत्र काढले. ठरलेल्या मुदतीत रक्कम दुप्पट, आणि त्यावर कोणाचेही नाव नाही. ज्याच्या हाती पत्र, त्याचे पैसे. त्यामुळे ते कोणालाही देता येई, आणि हरवले तर गेलेच. हरवलेल्या अशा पत्रांच्या रकमेसाठी एका गुंतवणूकदाराने केलेला दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, तेव्हा २००६ साली न्यायालयानेही ते नोटेसारखेच मानले आणि दाद दिली नाही. बिननावी कागदात काळा पैसा सहज लपतो, हेही उघड होते. १९९९ मध्ये योजना बंद झाली. आजच्या कार्डाचा क्रमांक ज्याच्या हाती लागेल तो ते वापरतो, हा स्वभाव थेट तिथून आलेला आहे. इतकेच की नाशिकच्या कागदाला जलचिन्ह आणि बारीक नक्षी यांचा पहारा होता. कार्डाच्या क्रमांकाला गुप्ततेखेरीज पहारा नाही, आणि वरिष्ठांच्या नावाने खोटा निरोप धाडून कार्डांचे क्रमांक मागवणारे ठग नेमके याच फटीतून शिरतात.

मग आपल्याला रोख सोडून कार्ड का हवेसे झाले? युपीआय २०१६ पासून आहे. २०२१ साली मदुराईच्या एका लग्नपत्रिकेवर तर आहेरासाठी क्यूआर कोडच छापला होता. रोख इतकी सहज जात असताना भेटकार्डाचे काम काय, हा आक्षेप वजनदार आहे. त्याचे एक उत्तर आपल्या आहेरातच आहे. पैसा उघडा द्यायचा नाही म्हणून पाकीट, आणि पाकिटावर रुपयाचे नाणे चिकटवलेले, कारण ५०० नव्हे, ५०१ द्यायचे. प्लास्टिकच्या कार्डांनी ५०० आणि १००० चे ठोकळे करून हा वरचा रुपया मोडला होता. बऱ्याच डिजिटल कार्डांवर हवी ती रक्कम टाकता येते, त्यामुळे तो परत आला. दुसरे उत्तर कमी गोड आहे, ते कर खात्याचे. १९६२ च्या आयकर नियमांत मालकाकडून वर्षभरात मिळालेली ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीची भेट किंवा व्हाउचर करात धरले जात नसे. रोख बक्षिसाला मात्र ही सवलत नव्हती. नाशिकच्या सातपूर-अंबडमधल्या कारखान्यांपासून पुण्याच्या हिंजवडीतल्या कंपन्यांपर्यंत दिवाळीच्या मिठाईच्या डब्याशेजारी व्हाउचर का आले, हे यावरून बरेचसे कळते. पैशाचे काम करणारे, पण पैसा नसलेले काहीतरी हवे होते.

आता हमीचे. नोट, पोस्टल ऑर्डर, बचतपत्र यांच्यामागे सरकार उभे असे. भेटकार्ड घेतले की आपण एका कंपनीला आगाऊ, बिनव्याजी पैसे देतो आणि ज्याला कार्ड भेट दिले तो त्या कंपनीचा धनको होतो. अमेरिकेतली बॉर्डर्स ही पुस्तकांची साखळी २०११ मध्ये बुडाली, तेव्हा लोकांकडची न वापरलेली कार्डे कवडीमोल झाली. कोणी म्हणेल, पाकिटातली नोट हातात येते, तिला स्पर्श असतो; पडद्यावर तो कुठला? पण आहेराची पाकिटे मांडवात कोण उघडून बघतो? ती पिशवीत जातात, वहीत नाव आणि आकडा चढतो, आणि पुढच्या कार्यात परतफेड होते. ही नोंद डिजिटल कार्ड अधिक चोख ठेवते. स्पर्श गेल्याची हळहळ मला म्हणूनच फारशी पटत नाही. पैसे कुठे खर्चायचे ही निवड गेल्याची आणि हमी पातळ झाल्याची तक्रार मात्र खरी आहे, आणि ती प्लास्टिकच्या काळापासूनची आहे.

रिझर्व्ह बँकेने २०२१ च्या निर्देशांत अनेक दुकानांत चालणाऱ्या भेटकार्डांवर १०,००० रुपयांची मर्यादा घातली. त्यात पुन्हा पैसे भरता येत नाहीत आणि त्यातून रोख काढता येत नाही. मुदत किमान १ वर्षाची ठेवावी लागते. एखाद्या साखळीने फक्त स्वतःच्या दुकानांसाठी काढलेले कार्ड या चौकटीत येतच नाही. तेव्हा भाचीला कार्ड पाठवायचे असेल तर ते अनेक ठिकाणी चालणारे घ्या आणि शुभेच्छेच्या ओळीतच त्याची शेवटची तारीख लिहा. तशी सोय नसेल तर सरळ ५०१ रुपये तिच्या खात्यात टाका.