टोपणनाव आणि जामीन

अनेकांच्या हातून घडणाऱ्या ग्रंथात कुणी काय घातले, याचे उत्तर कोणी द्यायचे, हा प्रश्न संगणकाबरोबर आला असे आपण समजतो. मराठीत तो सव्वाचारशे वर्षांहून जुना आहे.

ज्ञानेश्वरी शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, नेवाशास पूर्ण झाली. ग्रंथाच्या अखेरीस शक आणि लेखनिक सच्चिदानंदबाबांचे नाव आहे. पुढे नकला होत गेल्या. नकलणाऱ्यांनी शब्द बदलले, कुणी ओव्या वाढवल्या. त्यांची नावे कुठेच नाहीत. शके 1506 मध्ये (1584) एकनाथांनी ग्रंथ शुद्ध केला आणि शेवटी आपले नाव, शक व केलेले काम सांगणाऱ्या ओव्या जोडल्या. यापुढे भर घालणे म्हणजे अमृताच्या ताटात करवंटी ठेवणे, असेही बजावले. भर एकनाथांनीही घातलीच. पण ती कोणाची, हे वाचकाला कळते.

आपल्या बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने 1960 ते 1975 या काळात वाल्मीकी रामायणाची चिकित्सक आवृत्ती सात खंडांत काढली. तिची शिस्तही याच वळणाची. निवडलेला पाठ वर, पाठभेद खाली, आणि प्रत्येक भेदापुढे तो कोणत्या हस्तलिखितातला याची खूण. नकलकाराचे नाव ठाऊक नसले, तरी त्याचा शब्द कुठून आला ते सापडते.

छपाई आल्यावर टोपणनावाला वेगळे महत्त्व आले. गोपाळ हरी देशमुख सरकारी नोकरीत होते. 1848 पासून ‘प्रभाकर’मध्ये त्यांनी स्वकीयांवर कठोर टीका केली ती ‘लोकहितवादी’ या नावाने. सरकारने 1867 च्या कायद्याने प्रत्येक छापील मजकुरावर मुद्रकाचे नाव व छपाईचे ठिकाण सक्तीचे केले. लेखकाचे नाव मात्र सक्तीचे नव्हते. लेखक पडद्याआड राहू शके, पण कुणीतरी पुढे उभा असावाच लागे.

त्याचा कस 1897 साली लागला. 15 जूनच्या ‘केसरी’त ‘शिवाजीचे उद्गार’ ही कविता आली; खाली कवीचे नाव नव्हते, भवानी तलवारीच्या नावाची सही होती. सप्टेंबरात टिळकांना दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. लिहिणारा झाकलेला राहिला आणि संपादक तुरुंगात गेला. टोपणनावाला जामीन मिळाला होता.

आता विकिपीडियाकडे पाहू. तो 2001 साली इंग्रजीत आणि 2003 साली मराठीत सुरू झाला. तिथल्या ‘इतिहास’ या पानावर प्रत्येक बदलाची तारीख, वेळ आणि करणाऱ्याची खूण राहते. रामायणाच्या पाठभेदांची शिस्त तिथे आहे. जामीन राहणारा संपादक नाही. 2005 साली एका अनामिकाने जॉन सीगेन्थालर या अमेरिकन पत्रकाराचा संबंध केनेडी बंधूंच्या हत्यांशी जोडला. तो खोटा मजकूर सुमारे चार महिने तसाच राहिला. त्यानंतर इंग्रजी विकिपीडियाने नोंदणीशिवाय नवे लेख सुरू करण्यास बंदी घातली; पण नोंदणीलाही खरे नाव लागत नाही.

मग सर्वांना खरी नावे सक्तीची करावीत का? मला तसे वाटत नाही. इंग्रजी विकिपीडिया होमिओपॅथीला छद्मविज्ञान म्हणतो. ते वाक्य कोणी लिहिले हे कळून माझ्यासारख्या होमिओपॅथच्या हाती काय येणार? उत्तर द्यायचे तर त्याखाली दिलेल्या संदर्भांना द्यावे लागेल. शिवाय आपल्याच जातीविरुद्ध, वरिष्ठांविरुद्ध खरे लिहिणाऱ्याला आजही लोकहितवादींसारखाच आडोसा लागतो.

मात्र हयात माणसाच्या अब्रूचा प्रश्न आला की संदर्भाची खूण पुरत नाही. खोटेपणा सिद्ध होईपर्यंत नुकसान होऊन गेलेले असते. म्हणून हयात व्यक्तींवरील मजकुराला तरी नाव माहीत असलेल्या संपादकाची मान्यता हवी. लेखकाचे टोपणनाव खुशाल राहो. तक्रार आली तर उत्तर देणारा माणूस सापडला पाहिजे.

बडोद्यातील मराठी घराणी, वाडे, संस्था यांच्या नोंदी पुढेमागे आपल्यापैकीच कुणीतरी लिहील. घराण्यांत मानापमान असतात, वाटण्यांचे वाद असतात. ज्यांना भय नाही त्यांनी तरी तिथे आपल्या नावाने लिहावे आणि कागद कुठला तेही सांगावे. एकनाथांनी एवढे केले होते.