काचीगुड्यातली रेडकं भिंत का चाटायची

मी परभणीकडचा. मनमाड-काचीगुडा मीटरगेज गाडीने हैदराबाद शहरात आलो, राजेंद्रनगरच्या पशुवैद्यक महाविद्यालयात शिकलो आणि काचीगुड्यातल्या गोठ्यांत जनावरं तपासता तपासता म्हातारा झालो. गोठे घरांनाच लागून असत. म्हशी मधे, आणि कोपऱ्यात आखूड दाव्याला बांधलेलं रेडकू. "डॉक्टर साब, पाडा मिट्टी खारा," ही तक्रार मी सर्वांत जास्त ऐकली. माती नसेल तर दावं, पोत्याचा तुकडा, शेजारच्या पारडाचे केस, नाहीतर जुन्या चुन्याच्या भिंतीला लागलेला लोणा.

गवळ्यांचा परंपरागत उपाय म्हणजे मुसकं. तोंड बांधलं की माती बंद. खोड बंद झाली, भूक तशीच राहिली, याचं मला फार वाईट वाटे.

ही भूक कशाची, हे समजायला दख्खनचा मिठाचा इतिहास पाहावा लागतो. अठराव्या शतकात ‘उत्तर सरकार’ म्हणून ओळखला जाणारा पूर्व किनाऱ्याचा मुलूख इंग्रजांकडे गेला आणि निजामाचं राज्य समुद्रापासून तुटलं. मीठ येई ते बंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून, तांड्यातांड्यांनी. १८७४ मध्ये वाडी-सिकंदराबाद रेल्वे झाली, पुढे गोदावरी खोऱ्याची लाइन आली, १९१६ मध्ये काचीगुड्याचं देखणं स्टेशन उभं राहिलं, आणि बैलांवरचा तो व्यापार मावळला. मीठ कसंही आलं तरी पैसे मोजूनच घ्यावं लागे, आणि गोठ्यात ते आधी दुभत्या म्हशीला मिळे. ज्याला मीठ पोचत नाही ते जनावर लोणा चाटतं, दुसऱ्याचं मूतसुद्धा चाटतं.

दुसरी उणीव फॉस्फरसची, आणि ती जास्त खोल. आमच्या मराठवाड्यात कडबा, इथे भाताचा पेंढा. पेंढ्यात फॉस्फरस जेमतेम एक दशांश टक्का; वाढत्या वासराला त्याच्या तिप्पट लागतो. तांदळाच्या कोंड्यात तो भरपूर असतो, पण कोंडा जाई दूध देणाऱ्या म्हशीपुढे. शरीरातला ऐंशी टक्के फॉस्फरस हाडांत असतो. तुटवडा पडला की जनावर हाडं, लाकूड, माती चघळू लागतं.

याचा उलगडा दक्षिण आफ्रिकेत झाला. १९२० च्या आगेमागे आर्नल्ड थायलर यांनी आर्मूड्सफ्लाक्टे या शेतावर पाहिलं, की पंगू होऊन मरणाऱ्या गाई आधी कुजलेली हाडं चघळत होत्या. मृत्यू हाडांतल्या जिवाणूच्या विषाने होई. पण हाडाची ओढ लागे ती गवतात फॉस्फरस नसल्याने. हाडांचा चुरा खाऊ घातला, आणि ओढ शमली. आज हाडचुऱ्याऐवजी डायकॅल्शियम फॉस्फेट वापरतात. हे ज्ञान माझ्या जन्माआधीचं. काचीगुड्याच्या गोठ्यात मात्र माझ्या डोळ्यांसमोर मुसकीच बांधली जात होती.

तिसरं कारण धंद्याच्या हिशेबातलं. दूध विकायचं म्हणून रेडकाला पुरतं पाजायचं नाही, आणि नर असेल तर त्याहून कमी. पोट रिकामं, चावायला चांगलं गवत नाही, वर जंत. असं पोर चाटता चाटता गिळलेल्या केसांचे गोळे पोटात साठवतं. दिवाळीनंतर सदर या सणाला हीच गवळी मंडळी रेड्याला तेल चोपडून, फुलांनी सजवून, ढोलाच्या तालावर मिरवतात. तो सोहळा मला आवडतो. पण मागच्या कोपऱ्यातलं रेडकूही उद्या असंच तगडं व्हायचं असतं.

म्हणून मी मुसकं सोडवूनच तपासायला बसे. आधी जंताचं औषध. मग रोज खनिज मिश्रण, चाटायला मिठाचा खडा, मूठभर कोंडा, हिरवं गवत, आणि आईच्या चार सडांपैकी एक सड पूर्ण त्याच्यासाठी. शेवटच्या अटीवर गवळी घासाघीस करी. दूध कमी भरेल, गिऱ्हाइकं ओरडतील, म्हणे. तीन महिनेच सोड, असं मी सांगे, आणि बहुतेक जण सोडत.